जोडव्यांसकट माप

घाटंजीत तहसीलच्या रस्त्यावर माझं ऑनलाइन सेंटर आहे. सातबारा, पीकविमा, जातीचा दाखला, पोरांची स्कॉलरशिप, सरकारला जे जे हवं ते मी भरून देते. माझ्या हातचा फॉर्म परत येत नाही असं गावात बोललं जातं आणि मला ते ऐकायला आवडतं, खोटं कशाला सांगू. माझा नियम एकच: विचारलं तेवढंच लिहायचं. खुर्चीत बसल्याबरोबर लोक कहाणी सुरू करतात, भाऊ कसा वागला, साहेब काय बोलला. मी म्हणते, काका, कहाणीसाठी यात रकाना नाही. फॉर्मच्या शेवटी 'इतर काही माहिती' असा एक रकाना असतो, त्यात मी डोळे मिटून 'लागू नाही' टाकते. वर्षानुवर्षं टाकत आले.

त्याच रकान्यानं मला एकदा धडा शिकवला, आणि तोही माझ्या आईच्या पायावरून.

आईचा डावा पाय उजव्यापेक्षा दोन बोटं आखूड आहे. लहानपणी ताप आला आणि तो जाताना तेवढं घेऊन गेला, असं ती सांगते, जसं कुणी सांगावं की वादळात दोन कौलं गेली. या गोष्टीचं तिनं कधी रडगाणं केलं नाही. आमच्या गावातला एक मोची तिच्या डाव्या चपलेला खालून जुन्या टायरचे थर ठोकून द्यायचा. चप्पल जड व्हायची, पण आई तीच घालून दर आठवड्याला बाजारात जायची. दोन पावलं मागे बाबा, हातात पिशव्या. बाबांची चालच संथ, असं मी लहानपणापासून समजत आले.

आईचा बाजार म्हणजे बघण्यासारखी गोष्ट होती. वांगं ती नुसतं बघून घेत नसे, देठाशी दाबून, कानाजवळ नेऊन घेई. तूर चावून बघे. भाजीवालीशी आधी भांडण, मग तिच्या सुनेची चौकशी, मग पुन्हा भांडण. तासाभराच्या बाजाराला तिला तीन तास लागत आणि परत आल्यावर तिचा चेहरा माहेराहून आल्यासारखा दिसे.

मग तो मोची वारला. दुसऱ्यानं ठोकलेला थर भर बाजारात निघाला आणि आई मिरचीच्या ढिगावर पडली. लागलं फारसं नाही. पण लोक हसले की धावले, हे नीट आठवत नाही म्हणाली, आणि त्यानंतर तिनं बाजारात जाणं सोडलं. बाजाराच्या दिवशी ती माझ्या सेंटरच्या पायरीवर येऊन बसायची आणि मी आणलेली पिशवी उलटी करून एकेक वांगं तपासायची.

"हे तू पसंत केलं, का त्यानं तुले देल्लं?"

"त्यानं दिलं."

"तेच म्हनलं," ती म्हणायची आणि किडकं वांगं माझ्यासमोर ठेवायची. मला राग यायचा. वांग्याचा नाही. आईला असं पायरीवर बसलेलं बघून यायचा.

त्या रागातच मी मोबाईलवर शोधायला लागले. पोर्तुगाल नावाच्या देशात एक लहानसं दुकान सापडलं. नवरा-बायको दोघंच, ज्यांचा एक पाय आखूड आहे अशांसाठी हातानं बूट शिवतात. उंचवटा बुटाच्या आत लपलेला, वजन अगदी हलकं. ते आपला माल एका मोठ्या विक्रीच्या साइटवर ठेवतात आणि माप पाठवलं की जगात कुठेही धाडतात. किंमत इथं लिहीत नाही, कारण बाबांना मी सांगितली ती खरी नव्हती. खोटी ऐकूनच ते म्हणाले, "नाकापेक्षा मोती जड!" आई हसून हसून बेजार. "लुगड्यावर बूट? मास्तरीन दिसन मी." पण त्या दिवशी तिनं शेजारणीला बोलावून मोबाईलवरचा फोटो दाखवला, तोही दोनदा.

मापाच्या फॉर्ममधे लिहिलं होतं: पाय पूर्ण उघडा हवा. मोजा, पट्टी, दागिना काही नको. कागदावर उभं राहून पेन्सिलीनं पायाची आकृती काढा.

आईच्या पायांत जोडवी होती. दोन्ही पायांत, अंगठ्याशेजारच्या बोटांत, लग्नातली. इतकी वर्षं बोटात राहून राहून ती तिथेच रुतली होती. ती म्हणाली, "हे असू दे ना व. एवढ्याशानं काय होते?" मी म्हटलं, फॉर्ममधे दागिना नको लिहिलंय, म्हणजे नको. मी साबणाचं पाणी केलं, वर खोबरेल तेल चोळलं आणि ओढून ओढून दोन्ही काढली. डाव्या पायाचं निघता निघेना. आई खिडकीबाहेर बघत होती. बोटांवर दोन पांढरे चर उमटले होते. मी माप घेतलं, आकृती स्कॅन केली, 'इतर काही माहिती'त 'लागू नाही' टाकलं आणि पाठवून दिलं. आईनं लगेच जोडवी परत चढवली आणि संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही. मला वाटलं, बोट दुखलं असेल.

दीड महिन्यानं खोकं आलं. बूट इतके सुरेख की आई त्यांच्या शिलाईवरून नुसतं बोट फिरवत राहिली. मऊ तपकिरी चामडं, वर पट्टा. तिनं घातले, उभी राहिली, आणि मी पहिल्यांदा माझ्या आईचे दोन्ही खांदे एका रेषेत पाहिले. बाबा ओट्यावरून उठून आत आले. ती अंगणात दहा पावलं चालली आणि थांबली. बूट काढल्यावर दिसलं, जोडव्यांच्या कडेनं दोन्ही बोटं लाल झाली होती. बूट उघड्या पायाच्या मापाचा होता. चांदीला आत जागाच नव्हती.

मी म्हटलं, बाजारात जाताना काढून ठेवायची जोडवी, आल्यावर घालायची. बाबाही म्हणाले, "काढून ठेव ना. जोडवे काढल्यानं मी काई मरून नाई राह्यलो."

आईनं बूट कागदात गुंडाळले, खोक्यात ठेवले आणि खोकं कपाटावर ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी जुनी चप्पल घालून ती पुन्हा माझ्या पायरीवर येऊन बसली.

साइटवर स्पष्ट लिहिलं होतं, मापानं शिवलेला माल परत घेतला जात नाही. माझ्या सेंटरपासून दोन दुकानं सोडून एक वकीलसाहेब बसतात. त्यांना विचारलं. ते म्हणाले, "बाई, ग्राहक मंच यवतमाळले हाये, तारीख भेटन. पण समोरची पार्टी समुद्रापलीकडं. नोटीस बजावायले बेलीफ काय पोहत जाईन?" मग जरा गंभीर होऊन म्हणाले, "काईबी करा, पण आपली चूक कबूल करू नका. कबूल केलं का मामला संपला." घरी आल्यावर बाबांनी त्यात भर घातली, "शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये." आई दाणे निवडता निवडता म्हणाली, "मले तशाबी पायऱ्या चढता येत नाई."

साइटच्या तळाशी मात्र एक सोय होती. माल मिळाल्यापासून तीस दिवसांत तक्रार नोंदवायची. आधी घेणारा आणि विकणारा आपसात बोलणार. नाही जमलं तर साइटचा एक तटस्थ माणूस मधे येणार, दोघांचं वाचणार, तोडगा सुचवणार. दोघांनी हो म्हटलं तर तो पक्का. वकील नाही, फी नाही, जाणं-येणं नाही. मी रुसून बसण्यात बावीस दिवस घालवले होते. आठच उरले होते.

मी माझ्या नेहमीच्या पद्धतीनं तक्रार भरली. 'माप चुकीचे आहे. बूट बोचतो. पैसे परत करावेत.' सोबत आईच्या लाल झालेल्या बोटांचा फोटो जोडला. दुकानाचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. त्यांनी माझीच आकृती कापून बुटाच्या साच्यात ठेवली होती आणि तिचा फोटो काढला होता. कागद कडेला कड लागून बसला होता, केसभरसुद्धा फरक नव्हता. खाली दुकानातल्या बाईच्या नावानं एकच वाक्य होतं: आपण 'इतर काही माहिती'त 'लागू नाही' असे लिहिले होते.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी लोकांचे फॉर्म तपासते आणि कोण कुठली बाई मला माझाच रकाना दाखवते! मी चांगलं झणझणीत उत्तर लिहिलं. नशीब, पाठवायच्या आधी लाइट गेली.

लाइट आली तेव्हा प्रकरण तटस्थ व्यक्तीकडे गेलेलं होतं. तीही बाईच निघाली. कुठल्या देशातली, ते मला अजून माहीत नाही. साइट तिचं लिहिणं मराठीत करून दाखवायची, आणि भाषा जरा ओबडधोबड असली तरी तिचे प्रश्न सरळ होते. दुकानाला तिनं विचारलं, पायाच्या बोटात काही असतं हे आधी माहीत असतं तर तुम्ही वेगळा बूट शिवू शकला असता का? आणि आम्हाला विचारलं, फोटोत बोटावर जे आहे ते काय आहे, आणि ते का काढता येत नाही? जिला बूट घालायचे आहेत तिच्याच शब्दांत लिहिलं तर बरं.

मी 'धार्मिक कारण' असं टाईप केलं. दोन शब्द, काम संपलं. पण 'तिच्याच शब्दांत' हे डोळ्यांत खुपत राहिलं, म्हणून दुपारी सेंटर बंद करून घरी गेले. बाबा शेतात होते. आई ओट्यावर अंबाडीची भाजी खुडत बसली होती. मी विचारलं, आई, तू जोडवी का काढत नाहीस? आणि धर्म, सवाष्ण वगैरे सांगू नको. वटपौर्णिमेला वडापर्यंत न जाता अंगणातून हात जोडणारी तू.

तिनं हातातली जुडी खाली ठेवली.

"तुह्या बाबाच्या आंधी बोरी अरबचं स्थळ आलतं," ती म्हणाली. "पोहे खाल्ले, चहा पेले. मंग म्हने, पोरीले जरा आंगनातून चालून दाखवा. म्या चालून दाखवलं. तसेच उठून गेले."

"आणि बाबा?"

"यायनं चालाले नाई लावलं. म्हने, पोरीले बसू द्या." ती हसली. "लगनात जोडवे घालाले एक बाई बसलती. तिनं उजव्या पायात घातलं. डाव्या पायाशी आली न थांबली. कसा धराव, कुठी धराव, तिले समजे ना. मांडवात बाया हसाले लागल्या. म्या पाय आत घेऊन राह्यलती लुगड्यात. तं तुहे बाबा बोहल्यावरून खाली उतरले, म्हने, 'द्या इकडं'. पाय मांडीवर घेतला न सोताच्या हातानं घातलं. सगळ्या मांडवादेखत. डाक्टर सोडून त्या पायाले कोनी हात लावला नवता तवरोक."

मी तिच्या डाव्या पायातल्या जोडव्याकडे बघितलं.

"तवापासून ते निंगालं नवतं," आई म्हणाली. "तू साबन लावून काढलं, त्या दिवशीच पयल्यांदा निंगालं."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि म्हणूनच ते मला जास्त लागलं. मला माझ्या हातांची लाज वाटली. त्या हातांना अजून साबण लागलाय असं वाटत होतं. मी तिथंच ओट्यावर बसून रडले, आणि आई मला म्हणाली, "येडी झाली का? भाजी निवडू लाग."

भाजी निवडता निवडता मी तिला वकीलसाहेबांचा सल्ला सांगितला. चूक कबूल केली तर हक्क जातो, पैसे जातात, बूटही कपाटावरच राहतात. आई म्हणाली, "मंग काय खोटं सांगतं? त्या बाईनं तुह्या मापानंच शिवला ना? तिले आंधी लिही, शिलाई लय चांगली हाये. माह्या पायाले तिचा बूट कमी नाई पडला, माह्या पोरीचं सांगनं कमी पडलं."

सेंटरवर परत आले आणि आयुष्यात पहिल्यांदा मी रकान्यात कहाणी लिहिली. बोरी अरबचे पोहे लिहिले, मांडव लिहिला, 'द्या इकडं' लिहिलं. आईचा निरोप जसाच्या तसा लिहिला. मग खाली लिहिलं: माप घेताना जोडवी मी काढली. तुमच्या फॉर्मनं सांगितलं ते केलं आणि आईनं सांगितलं ते ऐकलं नाही. दुकानाची चूक नाही, चूक माझी आहे. पण माझ्या आईला बाजारात जायचं आहे. मी पाठवण्याचं बटण दाबलं. वकीलसाहेबांच्या हिशेबानं मी आपल्या पायावर आपणच धोंडा पाडून घेतला होता.

दोन दिवस काही आलं नाही. मी लोकांचे फॉर्म भरत होते आणि मधेच तक्रारीचं पान उघडून बघत होते. एका आजोबांच्या पीकविम्यात मी तुरीऐवजी सोयाबीन टाकलं. त्यांनीच चूक दाखवली.

तिसऱ्या दिवशी बूट शिवणाऱ्या बाईचं उत्तर आलं. तिनं लिहिलं होतं की तिच्या स्वतःच्या बोटातली लग्नाची अंगठी कित्येक वर्षांत निघालेली नाही. हातमोज्याचं माप देताना ती अंगठीसकटच देते, न विचारता. पायाच्या बोटातही अशी अंगठी असू शकते हे तिला कधी सुचलं नाही, तिच्या फॉर्मनं दागिना काढायला सांगितला, तर थोडी चूक तिचीसुद्धा. शेवटी तिनं विचारलं होतं, नवऱ्यानं त्या दिवशी पाय मांडीवर घेतला तेव्हा तुमची आई काय म्हणाली? मी आईला विचारलं. आई लाजली आणि म्हणाली, "काय म्हनन? पाय धुतेल नवता, थेच सांगतलं त्यायले."

तटस्थ बाईनं पाच-सहा ओळींत समझोता लिहून पाठवला. दुकान नवा जोड शिवून देईल, पुढून मोकळा, बोटांना जागा ठेवून. मजुरी त्यांची, चामडं आणि टपाल आमचं. पहिला जोड आमच्याकडेच राहील. सात दिवसांत नवं माप पाठवायचं, संध्याकाळी, उभं राहून, आणि जोडव्यांसकट. खाली 'मान्य' असं बटण होतं. मी मोबाईल आईपुढे धरला. तिनं बोट पदराला पुसलं आणि मग दाबलं.

त्या संध्याकाळी मी जमिनीवर कागद पसरला आणि पेन्सिल घेऊन बसले. आई म्हणाली, "तू नको."

बाबा शेतातून आलेले. त्यांनी हात धुतले, टॉवेलनं पुसले आणि कागदासमोर बसले. त्यांचे गुडघे वाजले. उजव्या पायाची आकृती त्यांनी सरसर काढली. डाव्याशी आल्यावर थांबले, माझ्याकडे एकदा बघितलं, मग आईला म्हणाले, "दे इकडं." पाय त्यांनी दोन्ही हातांनी उचलून कागदावर नीट ठेवला आणि पेन्सिल अगदी सावकाश फिरवली, जोडव्याच्या बाहेरून, वळसा घालून. त्यांना काय माहीत की मी हे सगळं समुद्रापलीकडं लिहून पाठवलंय. मी चहा ठेवायला म्हणून आत गेले आणि पातेल्यात पाणी न टाकताच गॅसपाशी उभी राहिले. मला त्या दोघांवर इतकी माया आली होती की तिथं बसवेना.

माप पाठवताना 'इतर काही माहिती'त मी अर्धं पान लिहिलं.

नवे बूट आले ते कापूस वेचणी सुरू व्हायच्या सुमाराला. पुढून मोकळे, बोटं बाहेर, जोडवी बाहेर. बाजाराच्या दिवशी आईनं चॉकलेटी लुगडं नेसलं, बुटांना शोभेल असं, आणि मला सेंटर बंद करायला लावलं. तिला तिचा बाजार मला दाखवायचा होता. आम्ही तिघं निघालो. आई पुढे, मी तिच्या बरोबरीनं, बाबा पिशव्या घेऊन मागे.

मला वाटलं होतं ती जपून चालेल. पहिल्या ओळीत तिनं पाय जपूनच टाकले. वांगेवालीशी आधीचं भांडण बाकी होतं, ते पुरं केलं. मग मिरचीवाल्यापाशी ती क्षणभर थांबली, जिथं पडली होती तिथं, आणि पुढे गेली. त्यानंतर तिनं जो वेग घेतला तो घेतलाच. मी जवळजवळ धावत होते. वळून बघितलं तर बाबा गर्दीत बरेच मागे राहिले होते. आईनंही वळून बघितलं. त्यांना असं लांब मागे तिनं बहुतेक कधी पाहिलंच नव्हतं.

"काहून मागं राह्यले?" तिनं ओरडून विचारलं. "पाय दुखून राह्यले का?"

बाबा जवळ आले, पिशव्या खाली ठेवल्या आणि घाम पुसला.

"पाय कायले दुखन," ते म्हणाले. "चाळीस वर्सं तुह्या चालीनं चाललो. आता एकदम कसं जमन?"

आईनं वाकून दोन पिशव्यांतली एक उचलली आणि बाजूला सरकून उभी राहिली.

"या तुम्ही सावकाश," ती म्हणाली. "आता मी थांबतो."